श्रोणी आणि पेरिनियम: हाड हातात घेऊन, खालून वर शिकायची पद्धत

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला छाती जमते, पोट जमतं, हातपाय तर बहुतेकांना आवडतातच. गाडी अडते ती ओटीपोटाच्या खाली. पेल्व्हिस (म्हणजे श्रोणी) आणि पेरिनियम (श्रोणीच्या तळाखालचा, जननेंद्रियांपासून गुदापर्यंतचा भाग) हे दोन धडे म्हटले की एरवी हुशार मुलंही पाठांतरावर येतात आणि व्हायव्हात पहिल्याच उलट्या प्रश्नाला गप्प होतात. एक कारण उघड आहे. पुस्तक वरून खाली जातं, आधी पोकळी, मग अवयव, मग शेवटी कुठेतरी पेरिनियम. रुग्णाकडे पाहणारा डॉक्टर मात्र, मग तो सर्जन असो की बाळंतपण करणारा, ह्या भागात खालूनच शिरतो. दुसरं कारण लाज. विषय निघाला की वर्गात खसखस पिकते आणि नेमका तोच तास वाया जातो.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय: आधी स्वतःचं शरीर, मग हाड, मग दोरे, मग कागद, आणि अवयव सर्वांत शेवटी. फिजिओ, नर्सिंग, बीएएमएस कुठल्याही शाखेला चालेल. सामान थोडंच लागतं: एक हिप बोन, शक्य असल्यास जोडलेली अख्खी श्रोणी, दोन रंगांचे दोरे, एक रबरबँड, कागद आणि पेन्सिल.

आधी स्वतःला चाचपा

उभं राहून कंबरेवर हात ठेवा. हाताखाली लागणारी हाडाची कड म्हणजे इलियक क्रेस्ट. दोन्ही क्रेस्टचे सर्वांत उंच बिंदू जोडणारी रेघ पाठीत चौथ्या लंबर मणक्याच्या पातळीवरून जाते. सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन देऊन भूल देणारे डॉक्टर आधी ह्याच रेघेचा अंदाज घेतात. क्रेस्टवरून बोटं पुढे सरकवत न्या, ती जिथे टोकावर संपते ते अँटिरियर सुपिरियर इलियक स्पाइन. मागे नेलीत तर बऱ्याच जणांच्या कमरेखाली दोन खळ्या असतात तिथे पोस्टिरियर सुपिरियर स्पाइन लागेल, सेक्रमच्या (कण्याच्या तळाशी असलेल्या तिकोनी हाडाच्या) दुसऱ्या मणक्याच्या पातळीला.

आता कडक खुर्चीवर, तळहात वर करून त्यांच्यावर बसा आणि थोडं पुढेमागे झुला. हाताला टोचतात त्या दोन इशियल ट्युबरॉसिटी. बसताना वजन पडतं ते ह्यांच्यावर. मागच्या घळीत माकडहाडाचं टोक लागतं. पुढे, मांडी जरा बाहेर वळवली की जांघेत एक ताठ दोरासारखा स्नायू हाताला येतो, अॅडक्टर लाँगसचा. त्याचा माग काढत वर गेलात की प्युबिक ट्युबरकल. तिथून मध्यरेषेकडे आलात की प्युबिक सिम्फिसिस, दोन्ही बाजूंची हाडं पुढे जिथे जुळतात तो सांधा.

सिम्फिसिसची खालची कड, दोन इशियल ट्युबरॉसिटी आणि माकडहाडाचं टोक हे चार बिंदू डोक्यात पक्के बसवा. पेरिनियमच्या चौकटीचे हेच चार कोपरे. म्हणजे तो धडा उघडायच्या आधीच त्याची सीमारेषा तुमच्या हाताखालून गेलेली आहे.

हाड भिंतीला टेकवा

श्रोणी चार हाडांची: दोन हिप बोन, मागे सेक्रम, त्याखाली माकडहाड. प्रत्येक हिप बोन मुळात तीन तुकड्यांचं, इलियम, इशियम आणि प्युबिस. हे तिघे खुब्याच्या वाटीत भेटतात आणि साधारण पौगंडावस्थेत तिथलं कूर्चेचं तीनकोनी जोडकाम भरून एकजीव होतात. लहान मुलाच्या एक्स-रेत तिथे फट दिसते ती फ्रॅक्चर नव्हे.

जोडलेली श्रोणी दिली की मुलं ती तोंड आकाशाकडे करून धरतात. तसं नसतं. हाड भिंतीशी न्या आणि असं टेकवा की दोन्ही अँटिरियर सुपिरियर स्पाइन आणि प्युबिसचा पुढचा भाग एकाच वेळी भिंतीला लागतील. ही खरी उभ्या माणसातली स्थिती. आता बाजूने पाहा: वरचं तोंड, म्हणजे पेल्व्हिक इनलेट, जमिनीशी 50 ते 60 अंश कललेलं आहे. माकडहाडाचं टोक सिम्फिसिसच्या वरच्या कडेच्या आसपास येतं. सिम्फिसिसची आतली बाजू वर आणि मागे बघते, आणि मूत्राशय तिच्यावर रेललेलं असतं. हा कल एकदा डोळ्यांत बसला की एमआरआयमधला मधोमध घेतलेला छेद अनोळखी वाटत नाही. तो बसला नाही, तर पुढचं प्रत्येक चित्र फिरलेलं दिसतं.

आता इनलेटच्या कडेवरून बोट फिरवा आणि तोंडाने म्हणत जा: सेक्रल प्रॉमंटरी (सेक्रमची पुढे आलेली वरची कड), सेक्रमचा पंख, आर्क्युएट लाइन, पेक्टेन, प्युबिक क्रेस्ट, सिम्फिसिसची वरची कड, आणि दुसऱ्या बाजूने परत. ह्या कडेच्या वरची ती फॉल्स पेल्व्हिस, खालची ट्रू पेल्व्हिस. वरची खरं तर पोटाचाच भाग आहे, तिच्यात फार रमू नका.

बाईची की पुरुषाची

परीक्षेतला हमखास प्रश्न. आपला हात हीच मोजपट्टी. सिम्फिसिसखाली दोन बाजूंना उतरणाऱ्या प्युबिक रेमसच्या (हाडाच्या फांद्यांच्या) मधला कोन बघा. अंगठा आणि तर्जनी ताणून जो कोन होतो तेवढा असेल, म्हणजे 80 ते 90 अंश, तर बाईची शक्यता जास्त. तर्जनी आणि मधलं बोट फाकवून होणारा अरुंद कोन, 50 ते 60 अंश, पुरुषाचा. मग हाडाच्या मागच्या कडेच्या मोठ्या खाचेत, म्हणजे ग्रेटर सायॅटिक नॉचमध्ये, अंगठा घाला. बाईच्या हाडात तो मोकळा हलतो, पुरुषाच्या हाडात अडकतो. खुब्याच्या वाटीचा व्यास आणि वाटीच्या पुढच्या कडेपासून सिम्फिसिसपर्यंतचं अंतर पुरुषात जवळपास सारखं असतं, बाईत वाटी त्या अंतरापेक्षा लहान पडते. फॉरेन्सिकमध्ये 1969 साली फेनिसने मांडलेली प्युबिसची तीन लक्षणं अजून वापरली जातात.

एकाच खुणेवर निकाल देऊ नका. आणि बाईची श्रोणी म्हणजे गायनेकॉइड असं समीकरणही करू नका. कॉल्डवेल आणि मोलॉय ह्यांनी 1933 मध्ये गायनेकॉइड, अँड्रॉइड, अँथ्रोपॉइड आणि प्लॅटिपेलॉइड हे चार प्रकार सांगितले ते बायकांच्याच श्रोणीचे. प्रत्यक्षात सरमिसळ फार, आणि बाळंतपण कसं होईल हे निव्वळ आकारावरून आज कुणी सांगत नाही.

इशियल स्पाइन: सगळं जिथे अडकवलेलं आहे ती खुंटी

माझं मत विचाराल तर ह्या अख्ख्या भागातलं एकच हाड शिकायला मिळालं तर हे टोक शिकावं. हिप बोनच्या मागच्या कडेला, दोन नॉचच्या मध्ये, आत वळलेला छोटासा काटा. वरचा मोठा तो ग्रेटर सायॅटिक नॉच, खालचा लेसर.

पहिला दोरा घ्या आणि सेक्रमच्या कडेपासून ह्या काट्यापर्यंत ताणा. हा सेक्रोस्पायनस लिगामेंट, म्हणजे हाडं बांधणारा पट्टा. दुसरा दोरा सेक्रमपासून इशियल ट्युबरॉसिटीपर्यंत. हा सेक्रोट्युबरस. आता बघा काय झालं: दोन उघड्या खाचांची दोन बंद दारं झाली, ग्रेटर आणि लेसर सायॅटिक फोरामेन. वरच्या दारातून पिरिफॉर्मिस स्नायू बाहेर पडतो आणि त्याच्या खालून सायॅटिक नर्व्ह. खालच्या दारातून ऑब्ट्युरेटर इंटर्नस.

तिसरा दोरा वेगळ्या रंगाचा. ही प्युडेंडल नर्व्ह, सेक्रमच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुळांपासून निघालेली. दोरा आतून वरच्या दाराने बाहेर काढा, काट्याच्या टोकाजवळ लिगामेंटच्या पाठीवरून वळवा आणि खालच्या दाराने पुन्हा आत घ्या. पुढे तो ऑब्ट्युरेटर इंटर्नसच्या आवरणातल्या अल्कॉक कॅनालमधून, इशियमच्या आतल्या बाजूने पुढे सरकतो. शाखा तीन: इन्फिरियर रेक्टल, पेरिनियल, आणि शिश्नाची किंवा क्लायटोरिसची डॉर्सल नर्व्ह. हा वळसा पाठ करून ध्यानात राहत नाही. स्वतःच्या हाताने दोरा ओवला की राहतो, आणि ही नर्व्ह श्रोणीतून बाहेर का पडते हे कळतं: श्रोणीच्या तळाला भोक न पाडता तळाच्या खालच्या बाजूला पोचायची हीच वाट आहे.

आता ह्या काट्याचे उपयोग मोजा. योनीमार्गातून बोटाने काटा चाचपून त्याच्या शेजारी भुलीचं औषध दिलं की तो प्युडेंडल ब्लॉक. चिमटा लावून करायच्या बाळंतपणात तो दिला जातो. बाळाचं डोकं किती खाली आलं ते ह्याच पातळीवरून मोजतात: डोक्याचा सर्वांत खालचा हाडाचा भाग काट्यांच्या रेषेत आला की स्टेशन शून्य. दोन काट्यांमधलं अंतर साधारण 10 सेंटिमीटर, मधल्या पोकळीतली सर्वांत अरुंद जागा. मूत्रवाहिनी बाजूच्या भिंतीवरून उतरते ती ह्याच सुमाराला आत मूत्राशयाकडे वळते. आणि श्रोणीच्या तळाचा स्नायू मागे इथूनच निघतो.

जाता जाता मापं. इनलेटची आडवी रुंदी बाईत साधारण 13 सेंटिमीटर, पुढून मागे 11. तपासताना बोटाने मोजता येतो तो डायगोनल काँजुगेट, सिम्फिसिसच्या खालच्या कडेपासून प्रॉमंटरीपर्यंत. त्यातून दीड ते दोन सेंटिमीटर वजा केले की बाळाला खरोखर मिळणारी वाट. बोट प्रॉमंटरीला पोचलंच नाही तर ती चांगली खूण समजतात.

तळ: रबरबँडचा प्रयोग

श्रोणीचा तळ सपाट नसतो, नरसाळ्यासारखा मध्यभागाकडे उतरता असतो. ह्याचा मोठा भाग म्हणजे लेव्हेटर एनाय, मागचा छोटा भाग कॉक्सिजियस. लेव्हेटर निघतो प्युबिसच्या पाठीपासून, मग ऑब्ट्युरेटर इंटर्नसच्या आवरणावरच्या जाड रेघेवरून, आणि शेवटी त्या आपल्या काट्यापासून. दोन्ही बाजूंचे तंतू मध्यरेषेत पेरिनियल बॉडीवर, गुदामागच्या पट्टीवर आणि माकडहाडावर भेटतात.

आता रबरबँड. डाव्या हाताची तर्जनी श्रोणीच्या मधोमध उभी धरा, ती झाली रेक्टम, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. रबरबँडची दोन्ही टोकं प्युबिसच्या पाठीशी धरायला मित्राला सांगा आणि त्याचा फास बोटामागून घ्या. मित्राने ओढलं की बोट पुढे खेचलं जातं आणि वाकतं. हा प्युबोरेक्टॅलिस. रेक्टम आणि गुदमार्ग ह्यांच्या मधला कोन ह्या फासामुळे साधारण काटकोनासारखा राहतो आणि शौचाचा वेग धरता येतो. उकिडवं बसलं की मांड्या पोटाकडे येतात, फास सैल पडतो आणि कोन मोकळा होतो. आपल्या जुन्या पद्धतीच्या संडासाला शरीररचनेचा हा आधार आहे. कमोड वापरणाऱ्यांना पायाखाली पाट घ्यायला सांगतात ते ह्याचसाठी.

हा स्नायू स्वतःला जाणवून घ्यायचा असेल तर वारा सरताना आवरतो तसं करून बघा. पोट, मांड्या, कुल्ले सैल ठेवा आणि श्वास चालू ठेवा. आत वर खेचल्यासारखं झालं म्हणजे जमलं. अर्नोल्ड केगेलने 1948 साली बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी हाच व्यायाम मांडला. लघवी मध्येच अडवून रोज व्यायाम करायचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका. त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

ओपीडीत आलेली आजी ‘अंग बाहेर येतंय’ म्हणते तेव्हा ती ह्याच तळाबद्दल बोलत असते. गर्भाशय जागेवर राहतं ते दोन गोष्टींनी. खालून हा तळ, आणि बाजूंनी ट्रान्सव्हर्स सर्व्हायकल, युटेरोसेक्रल आणि प्युबोसर्व्हायकल ही लिगामेंट. बरेच विद्यार्थी ब्रॉड लिगामेंटलाही आधारात धरतात. ती नुसती पेरिटोनियमची (पोटाच्या आतल्या पातळ अस्तराची) घडी आहे, तिच्यावर फारसा भार नसतो.

पेरिनियम: कागदाची घडी

कागदावर नीट समभुज आकार काढून कापा. वरच्या टोकाला सिम्फिसिस, खाली माकडहाड, बाजूंना ट्युबरॉसिटी लिहा. ट्युबरॉसिटी जोडणाऱ्या आडव्या रेघेवर कागद मुडपा. पुढचा त्रिकोण युरोजेनिटल, मागचा गुदाचा. दोन्ही एका पातळीत नाहीत, आणि चित्रात सपाट दिसतात म्हणूनच सगळे गोंधळतात. पुढचा त्रिकोण खाली आणि पुढे बघतो, मागचा खाली आणि मागे.

पुढच्या त्रिकोणात बाहेरून आत, थरांचा क्रम असा: त्वचा, चरबी, कॉलीज फॅशिया (एक चिवट आवरण), सुपरफिशियल पाउच (वरवरचा कप्पा), पेरिनियल मेंब्रेन, डीप पाउच, आणि त्यावर लेव्हेटर. सुपरफिशियल पाउचमध्ये दोघांतही तीन स्नायू: बल्बोस्पाँजिओसस, इस्किओकॅव्हर्नोसस आणि सुपरफिशियल ट्रान्सव्हर्स. त्यांच्याखाली फुगणाऱ्या ऊती. पुरुषात शिश्नाचा बल्ब मधोमध एकच असतो. बाईत तो योनीद्वाराच्या दोन बाजूंना विभागलेला असतो आणि प्रत्येकाच्या मागच्या टोकाला बार्थोलिन ग्रंथी. पुरुषातली काउपर ग्रंथी तिचीच जोडीदार, पण ती एक मजला वर, डीप पाउचमध्ये बसते. हा फरक विचारतातच.

कॉलीज फॅशियाचं महत्त्व एका अपघातातून कळतं. मुलगा सायकलच्या दांडीवर दोन पाय दोन बाजूंना टाकून आपटला, बल्बमधली मूत्रनलिका फाटली. लघवी कुठे पसरेल? कॉलीज फॅशिया मागे पेरिनियल मेंब्रेनच्या कडेला चिकटलेला, म्हणून गुदाकडे जाणार नाही. बाजूंना हाडाच्या कडेला चिकटलेला, आणि पोटावरून उतरणारा स्कार्पा फॅशिया जांघेखाली मांडीच्या आवरणाला जोडलेला, म्हणून मांडीत उतरणार नाही. पुढे मात्र वृषणकोश, शिश्न आणि पोटाची पुढची भिंत हा सलग मोकळा रस्ता आहे. सूज नेमकी तिथेच येते. चिकटण्याच्या जागा कागदावर पेन्सिलने गडद करा, उत्तर आपोआप निघतं.

आडव्या रेघेच्या मधोमध पेरिनियल बॉडी, तंतूंची एक गाठ. बल्बोस्पाँजिओसस, ट्रान्सव्हर्स स्नायू, गुदाचा बाहेरचा स्फिंक्टर (तोंड आवळणारा गोल स्नायू) आणि लेव्हेटरचे तंतू इथे गुंततात. बाळंतपणात ताण पडतो तो हिच्यावर. बाळाची वाट मोठी करण्यासाठी छेद द्यायची वेळ आलीच तर तो मधून सरळ मागे न देता तिरका देतात, कारण सरळ छेद पुढे फाटला तर थेट स्फिंक्टरमध्ये जातो. फाटण्याच्या पायऱ्याही थरांच्या क्रमानेच आहेत. पहिलीत फक्त त्वचा आणि श्लेष्मल आवरण, दुसरीत पेरिनियमचे स्नायू, तिसरीत स्फिंक्टर, चौथीत गुदाच्या आतल्या आवरणापर्यंत. थर येत असतील तर ही यादी वेगळी पाठ करावी लागत नाही.

मागचा त्रिकोण

इथे मधोमध गुदमार्ग, साधारण 4 सेंटिमीटर, आणि दोन्ही बाजूंना चरबीने भरलेला खळगा, इस्किओअॅनल फोसा. त्याच्या बाहेरच्या भिंतीत अल्कॉक कॅनाल, म्हणजे आपला वेगळ्या रंगाचा दोरा. ह्या चरबीला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे पू झाला की भराभर पसरतो. दोन्ही बाजूंचे फोसा गुदाच्या मागून जोडलेले असल्याने तो घोड्याच्या नालासारखा दुसरीकडेही जातो. नीट निचरा झाला नाही की पुढे भगंदर. सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार दिलेत, आणि क्षारसूत्राचा उपचार महाराष्ट्रातली आयुर्वेद रुग्णालयं आजही करतात.

गुदमार्गाच्या आतली पेक्टिनेट लाइन ही दोन राज्यांची सीमा धरा. वरच्या भागाला स्वायत्त नर्व्ह, म्हणून आतली मूळव्याध सहसा दुखत नाही, नुसतं रक्त जातं. खालच्या भागाला इन्फिरियर रेक्टल नर्व्ह, म्हणून फिशरचा (गुदाला चीर पडलेला) रुग्ण बसूही शकत नाही. आतल्या मूळव्याधीच्या जागा 3, 7 आणि 11 वाजता सांगतात. हे घड्याळ रुग्ण पाठीवर, पाय वर अशा स्थितीत आहे, आणि 7 आणि 11 ही रुग्णाची उजवी बाजू आहे, तुमची नव्हे.

अवयव: पाच मिनिटांत काढायचं चित्र

डिसेक्शन हॉलमध्ये मधोमध छेद घेतलेली श्रोणी मिळाली तर तिच्यापाशी वेळ काढा. हे देह 1949 च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली किंवा देहदानातून आलेले असतात, तेव्हा तिथे थट्टा नको एवढंच.

चित्र नेहमी एकाच क्रमाने काढा. पुढे सिम्फिसिस, मागे सेक्रमचा वळसा. खाली तळाची तिरकी रेघ. मग सेक्रमला लागून रेक्टम, तळाशी मागे वळणारा. पुढे रिकामं मूत्राशय. इथपर्यंत दोघांचं चित्र सारखं.

पुरुषाचं असेल तर मूत्राशयाच्या मानेखाली प्रोस्टेट, मागे सेमिनल व्हेसिकल. म्हातारपणी लघवीला अडथळा आणणारी वाढ मूत्रनलिकेभोवतीच्या ट्रान्झिशन झोनमधली. कर्करोग बहुतेक मागच्या पेरिफेरल झोनमध्ये सुरू होतो, म्हणून गुदातून बोट घालून तपासताना तो हाताला लागू शकतो. पेरिटोनियमची खोलगी एकच, मूत्राशय आणि रेक्टमच्या मध्ये.

बाईचं असेल तर मध्ये गर्भाशय, पुढे झुकून मूत्राशयावर टेकलेलं. आता खोलग्या दोन, पुढची उथळ आणि मागची डग्लस पाउच. उभ्या स्थितीत पोटातली सर्वांत खालची जागा ही, रक्त किंवा पू इथे साचतो, आणि योनीमार्गाच्या मागच्या कोपऱ्यातून सुईने काढता येतो. सर्व्हिक्सच्या (गर्भाशयाच्या मुखाच्या) बाजूला साधारण 2 सेंटिमीटरवर गर्भाशयाची धमनी मूत्रवाहिनीच्या वरून ओलांडते. गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनमध्ये धमनी बांधताना मूत्रवाहिनी सापडायची भीती असते ती इथे.

सगळं जमलं की नाही हे बघायला पुस्तक मिटून मित्राला कॅथेटरची वाट सांगा. बाईची मूत्रनलिका 4 सेंटिमीटर, जवळपास सरळ. अडचण एकच, तोंड क्लायटोरिसच्या मागे आणि योनीद्वाराच्या पुढे नेमकं शोधायचं. पुरुषाची 18 ते 20 सेंटिमीटर आणि दोन वळणांची. शिश्न वर उचललं की पुढचं वळण सरळ होतं. बल्बपाशी वर चढणारं दुसरं वळण पक्कं आहे, ते हलत नाही. कॅथेटर तिथून डीप पाउचमधल्या मेंब्रेनस भागात शिरताना स्फिंक्टर आवळलेला असतो. जोर करायचा नाही, रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगून थांबायचं. पुढे प्रोस्टेटमधला 3 सेंटिमीटरचा भाग, मग मूत्राशयाची मान. नळीतून लघवी दिसली तरी नळी आणखी आत सरकवायची, आणि मगच बलून फुगवायचा. लघवी दिसायच्या आधी फुगवला तर तो प्रोस्टेटमध्येच फुगण्याचा धोका असतो.